तालमीत लागणारा सूर प्रयोगात का निसटतो?

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेच्या ‘संगीत सौभद्र’मध्ये मी सुभद्रेची भूमिका करते. तालमीत पदे उत्तम होतात; प्रयोगात मात्र तारसप्तकातील जागा जवळ आली की घसा आवळतो आणि सूर खाली राहतो. खेळाडूंना शिकवली जाणारी मानसशास्त्रीय तंत्रे मला उपयोगी पडतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पडतील, परंतु जशीच्या तशी नव्हेत. तालमीतही घसा दुखत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एरवी हा बिघाड गळ्याचा नसून अवधानाचा असावा. अंगवळणी पडलेली कृती शरीर आपोआप करते, पण दडपण आले की आपण तिच्या एकेका टप्प्यावर पहारा ठेवू लागतो आणि नेमकी तीच विस्कटते. मानसशास्त्रज्ञ सायन बेलॉक आणि टॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या प्रयोगांतून हेच मांडले. म्हणून गळ्यावरचे लक्ष काढून त्याला बाहेर काम द्यावे. ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे पद सुभद्रा सखीला उद्देशून म्हणते. तेव्हा ते तिच्याकडे पाहून, खरोखर उत्तर मागत म्हणावे. पहिल्या रांगेतील जाणकारांना ते ऐकू जाईलच.

टेनिसपटूला सर्व्हिसपूर्वी चेंडू आपटण्याची सवड असते. तुम्हाला मात्र पदाआधीचे वाक्य बोलावेच लागते. त्यामुळे तुमची पूर्वतयारी भूमिकेतच दडवावी लागेल : वाक्य संपताना पदर सावरणे, त्याच हालचालीत खांदे सैल सोडून सावकाश उच्छ्वास करणे आणि कान ऑर्गनच्या सुरावर ठेवणे. हा क्रम दिग्दर्शकांच्या संमतीने तालमीतच पक्का बसवावा, कारण प्रयोगाच्या दिवशी सुचलेली युक्ती बहुधा अडचणच करते.

मनातल्या मनात करायच्या तालमीत ‘छान गायले’ एवढेच चित्र पाहणे तोकडे पडते. साडीचे व दागिन्यांचे ओझे, डोळ्यांवरचा प्रकाश, तबल्याची खरी लय, प्रेक्षागृहात मध्येच रडणारे मूल, हे सारे त्यात हवे. शक्य तर ती तालीम विंगेत उभे राहूनच करावी.

तिसऱ्या घंटेला छाती धडधडली, तर ती शांत करण्याच्या खटपटीत पडू नये. संशोधक एलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात, गाण्यापूर्वी ‘मी उत्साहात आहे’ असे म्हणणारे ‘मी घाबरलो आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक गायले. आणि वन्समोअर मिळाल्यास पद कोठून उचलायचे, हे साथीदारांशी आधीच ठरवून ठेवावे. अवघड जागा चांगली लागल्यानंतरच्या त्या बेसावध क्षणीही सूर निसटतो.