गणितकोशातली पहिली नोंद

नागपुरातील अध्यापनाच्या काळात जमवलेली टिपणे, सर्वांनी मिळून लिहायच्या व सुधारायच्या मराठी गणितकोशात आणण्याचा आपला विचार उत्तम आहे. मात्र ‘कलनशास्त्र’ (कॅल्क्युलस) यासारख्या अवाढव्य विषयाने आरंभ करू नका, कारण अशा नोंदी बहुधा अर्ध्यावर राहतात. त्याऐवजी गणितज्ञ द. रा. काप्रेकरांची ६१७४ ही संख्या घ्या. सर्व अंक समान नसलेल्या कोणत्याही चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास (उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य धरून) फार तर सात पायऱ्यांत ६१७४ मिळते. ३५२४ पासून ३०८७, ८३५२ आणि ६१७४ हा प्रवास वाचकाला स्वतः पडताळता येतो.

तूर्त एवढेच सांभाळा:

- व्याख्येतील अटी गाळू नका. ‘१ने व स्वतःनेच भाग जाणारी ती मूळ संख्या’ असे लिहिले, की १ सुद्धा मूळ ठरते. नवोदितांची ही नेहमीची चूक आहे.
- पारिभाषिक शब्द बालभारतीचे वापरा.
- पुस्तकातला मजकूर उतरवू नका. प्रमेय कोणाच्या मालकीचे नसले, तरी त्याची मांडणी लेखकाची असते आणि भारतात तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो.

साचे (नोंदीच्या मांडणीचे तयार नमुने), वर्गीकरण नंतर पाहू. आपला परिच्छेद कोणी बदलला, तर तो लगेच पूर्ववत न करता आधी कारण विचारा.