आडनाव काढून टाकू का?

प्रश्न : ताई, मी दिघ्याला राहते, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवरच एक सायफाय कॉमिक काढते, २०९० सालची ठाणे खाडी, हिरॉईन आमच्याच वस्तीतली, पंपांची मेकॅनिक. इन्स्टावर टाकलं की लोक कॉमिकचं सोडून माझ्या आडनावावरच घसरतात, "इथे पण कोटा का". त्यात एआय ॲपला रंग भरायला दिलं तर त्याने हिरॉईन गोरीपान करून टाकली. भाऊ म्हणतो आडनावच काढून टाक. काय करू? सोबत चार पानं पाठवतेय.

उत्तर : अगं, भाऊ काळजीपोटी बोलतोय, चिडू नकोस त्याच्यावर. नाव लपवून लिहिणारे काय कमी आहेत? १९७४ ला शास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस पटकावलं! पण त्यांना नावाचा फायदा नको होता, तुला नावाचा ताप होतोय, म्हणून त्यांचा उपाय तुला जसाच्या तसा लागू नाही. माझं विचारशील तर आडनाव राहू दे. इन्स्टाच्या सेटिंगमध्ये नको ते शब्द टाकून ठेव, तसल्या कमेंट आपोआप लपतात, आणि जातीवरून शिवीगाळ असेल तर डिलीट करायच्या आधी लिंकसकट स्क्रीनशॉट घे, तक्रारीला लागतो.

रंगाचं म्हणशील तर मशीनला जे फोटो दाखवले तेच ते शिकतं. २०१८ च्या एका अभ्यासात चेहरा बघून बाई की पुरुष ते ओळखणारी सॉफ्टवेअर तपासली, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. तेव्हा रंग तूच भर बाई, वेळ लागला तरी चालेल.

आणि हे भविष्याचं वेड आजकालचं नाही हं, १९०५ मध्ये बंगालच्या रुकैय्या हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली, त्यात पुरुष घरात पडद्यात आणि बायका उन्हाच्या शक्तीवर राज्य चालवतायत, चिमटा मात्र तेव्हाच्या समाजाला.

तुझ्या तिसऱ्या पानावरचा तो चंदेरी सूट मला खटकला. पंपावर उतरणारी बाई आधी ओढणी कमरेला खोचेल, पान्याला चिंधी गुंडाळेल, ते काढ ना. शिवाय चार पानं झाली तरी तिला पगार कोण देतं, ती पर्मनंट आहे की कॉन्ट्रॅक्टवर, काहीच कळत नाही, पुढच्या भागात आधी तिचा कॉन्ट्रॅक्टर दाखव.