न्याय तो, मग न्यायदेवता ती कशी?

प्रश्न असा आलाय: मुंबई उच्च न्यायालयाच्या माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. मराठीत न्याय पुल्लिंगी, मग पुतळा बाईचा कसा? आणि तिला न्यायदेवता म्हणायचं की न्यायदेवी?

न्यायदेवी म्हणू नका. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयातल्या नव्या, डोळ्यांवर पट्टी नसलेल्या पुतळ्याची बातमी आली, तेव्हापासून 'न्याय की देवी'चं हे मराठी सोंग फार कानावर पडतंय. देवता म्हणजे देवीच, जरा भारदस्त केलेली, असा समज दिसतो. अथर्वशीर्ष तोंडपाठ असणारेही असं बोलतात, म्हणजे कमाल झाली. 'गणपतिर्देवता' रोज म्हणता ना? मग गणपती काय देवी झाला?

पुतळा बाईचा का, ते थोडक्यात. लॅटिनमध्ये गुणांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी. न्याय म्हणजे 'यूस्तितिया', तीही स्त्रीलिंगीच. मूर्तिकार व्याकरणामागून गेले. आपल्याकडेही तेच: कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदय' नाटकात विवेक राजा आणि शांती, श्रद्धा, करुणा या स्त्रिया. दया आणि प्रगती यांचं म्हणूनच मराठीत आपसूक जमून जातं. (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटावर उजव्या हातात मशाल आणि डाव्या हाताशी चाक घेऊन उभी आहे ती हीच प्रगती. व्हिक्टोरिया राणी नव्हे. कितीदा सांगायचं!) अडला तो एकटा न्याय, आणि त्याला 'देवता' या शब्दानं सोडवलं.

आता या 'देवता'तला 'ता' बघा. समता, ममता, मानवता यांतला जो 'ता', तोच हा. म्हणजे देवता हे मुळात भाववाचक नाम: देवपण. म्हणून गणपती असो की अग्नी, शब्द स्त्रीलिंगीच राहतो. ऋग्वेदात 'देवताति' असंही रूप येतं, आणि त्यातला 'ताति' हा लॅटिनच्या 'वेरितास', 'लिबेर्तास' यांतल्या 'तास'चा सख्खा भाऊबंद. सत्य आणि स्वातंत्र्य यांच्या त्या लॅटिन नावांना ज्या प्रत्ययानं बाई केलं, त्याच्याच घराण्यातला प्रत्यय आपल्या न्यायाला लागला, तोही 'देव'मार्गे! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा माझा चहा गार झाला होता.

पाणिनीला हे मंजूर नाही. त्याचं सूत्र आहे 'देवात्तल्' (५.४.२७): देव तोच देवता, प्रत्ययानं अर्थात काही भर पडत नाही. एरवी त्याच्यापुढे मान तुकवावी. इथे मात्र त्यानं अपवादासाठी वेगळं सूत्र करून गाडी पुढे दामटली आहे. 'समता'त भाव आणि 'देवता'त काहीच नाही? मला पटत नाही. आणि एका व्याकरणाच्या जाणकारांनी 'मराठीत हा विचारच गैरलागू' म्हणून मला गप्प केलं होतं, त्यांनी 'न्यायदेवता' या शब्दाचा विग्रह करून दाखवावा. माझ्या मते न्यायाचं देवपण, ते दगडात घडवलं इतकंच.

तर वाक्यात 'न्यायदेवता उभी आहे' असंच लिहा. उच्च न्यायालयाच्या त्याच इमारतीत दगडात कोरलेलं एक माकडही आहे, एका डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू. न्याय तो, दया ती, माकड ते.