राजा परत आला, विकलेली जमीन आली नाही

प्रश्न : बाई, मी घणसोलीला राहतो, रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि रात्री कादंबरी लिहितो. काळ सतराव्या शतकातला, इंग्लंडमधलं एक काल्पनिक जमीनदार घराणं. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवी युद्धात बाप राजाच्या बाजूने लढताना नेझबीला पडतो, जिंकलेलं पार्लमेंट जमीन जप्त करतं, आणि मधली राजाविनाची वर्षं संपून 1660 मध्ये त्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर बसल्यावर थोरल्या मुलाला सगळं परत मिळतं. मित्र म्हणतात, शेवट फार सोपा झाला. असं घडू शकलं असतं का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : मित्रांचं ऐका. पण नेझबी सोडू नका. 14 जून 1645 च्या त्या लढाईत राजाची मुख्य फौजच मोडली, तेव्हा बापाला मारायला जागा योग्य निवडलीत. अडचण पुढच्या पंधरा वर्षांची आहे. तुम्ही ती दोन पानांत उरकली असणार, आणि खरी कादंबरी तिथेच आहे.

1643 च्या हुकमाने राजाच्या पक्षातल्या लोकांच्या जमिनी जप्त होऊ लागल्या. मालकी लगेच जात नसे, पण कुळांचा खंड पार्लमेंटच्या समितीकडे जाई. जमीन सोडवायची तर लंडनला गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये बसणाऱ्या समितीपुढे अर्ज करायचा, आपली सगळी मिळकत लिहून द्यायची, पुन्हा पार्लमेंटविरुद्ध उभं राहणार नाही अशी शपथ घ्यायची आणि दंड भरायचा. दंड मिळकतीच्या किमतीचा दहावा, सहावा, कधी तिसरा हिस्सा. किंमत साधारणपणे वार्षिक उत्पन्नाच्या वीसपट धरत. तुमच्या घराण्याला वर्षाला 500 पौंड येतात असं माना. किंमत झाली 10,000, तिचा सहावा हिस्सा जवळपास 1,667 पौंड, म्हणजे तीन वर्षांच्या उत्पन्नाहून जास्त. त्यातली अर्धी रक्कम लगेच भरायची. आणि जमीन तर जप्तीत! पैसा आणणार कुठून? कर्ज काढायचं (व्याजाची कायदेशीर मर्यादा आधी 8 टक्के होती, 1651 पासून 6), नाहीतर एखादा तुकडा विकायचा.

हा तुकडा तुमच्या शेवटाच्या आड येतो. सरकारने जप्त करून विकलेल्या जमिनी 1660 मध्ये बऱ्याच जणांना परत मिळाल्या. पण दंड भरण्यासाठी मालकाने स्वतः सही करून विकलेली जमीन कायद्याने विकलीच गेली होती. घणसोलीतल्या एखाद्या जुन्या माणसाशी बोलून पाहा, सरकारने घेतलेली जमीन आणि आजोबांनी अडचणीत खरेदीखत करून दिलेली जमीन यांचं दुःख त्याच्या बोलण्यात वेगळं येईल. राजासाठी सगळं गमावलं आणि राजा आल्यावरही हात रिकामेच, ही कडवट भावना त्या काळी खरोखर होती. ती तुमच्या थोरल्या मुलाला द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या पत्रात एकही बाई नाही. बकिंगहॅमशायरमधल्या क्लेडनच्या व्हर्नी घराण्याची हजारो पत्रं टिकून आहेत. बाप सर एडमंड 1642 मध्ये एजहिलच्या लढाईत राजाचं निशाण धरून पडला. मुलगा राल्फ पार्लमेंटच्या बाजूचा, पण पार्लमेंटने मागितलेल्या धर्मविषयक करारावर सही करायला मन घेईना, म्हणून 1643 मध्ये फ्रान्सला गेला आणि त्याचीही जमीन जप्त झाली. ती सोडवायला 1646 च्या अखेरीस इंग्लंडला परतली ती त्याची बायको मेरी. गरोदर होती. लंडनमध्ये राहून ओळखीपाळखीच्या लोकांकडे खेटे घातले, मधेच बाळंत झाली, ते मूल गेलं, आणि तिकडे फ्रान्समध्ये तिची मुलगीही दगावली. तरी जानेवारी 1648 मध्ये तिने जप्ती उठवून घेतली. 1650 मध्ये ती फ्रान्समध्येच वारली. राल्फ 1696 पर्यंत जगला, पण दुसरं लग्न केलं नाही. मी शाळेत वर्षानुवर्षं पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेल शिकवला आणि मेरीचं नाव पाठ्यपुस्तकात कधी नव्हतं, याची मला आजही चीड येते. बायकोला आणि मुलांना जप्त उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मागता येत असे, शिवाय समितीपुढे बाईचा अर्ज अधिक चालतो असा अनुभव होता. म्हणून नवरे मागे राहत आणि बायका जात. तुमच्या थोरल्याचं लग्न 1645 च्या आधीच लावून टाका.

बहिणींचे हुंडे विसरू नका. बापाने मृत्युपत्रात लिहिलेली रक्कम जप्ती असो वा नसो, डोक्यावर असायचीच. 1655 मध्ये राजाच्या जुन्या पक्षातल्या जमीनदारांवर आणखी उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा कर बसला, तोही एका प्रकरणात येऊ द्या.

धाकट्या मुलाचं काय करायचं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगते. जमीन थोरल्याची, तेव्हा धाकट्यांना व्यापार, चर्च किंवा वकिली. केंटमधल्या अशाच एका जमीनदाराचा धाकटा मुलगा जॉर्ज ऑक्झेंडन. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख तोच होता. त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडन 1674 मध्ये राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता. म्हणजे तुमच्या धाकट्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबई बेटावर आणायला इतिहासाची हरकत नाही. मात्र 1668 नंतरच आणा, कारण कंपनीला मुंबई राजाकडून वर्षाला 10 पौंड भाड्याने मिळाली ती त्या वर्षी. ठाण्यात तेव्हा पोर्तुगीज होते, हेही लक्षात ठेवा.

या काळावरचं वाचायचं असेल तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात एखादा रविवार घालवा. कर्ज किती, कोणता तुकडा विकला आणि सही कुणी केली, हे तिन्ही आधी वहीत ठरवा आणि शेवटचं प्रकरण नव्याने लिहा. झालं की मला पाठवा, मी वाचेन.