घरच्या स्टुडिओत स्टोनवेअर: भट्टीच्या आधी वर्तमानपत्र पसरा

घणसोलीच्या ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर क्लास झाला, चाकावर हात बसलाय, दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली एक खोली मोकळी आहे, रोजच्या वापराचे कप-वाट्या करून विकायचे आहेत, तर भट्टी कोणती घ्यावी? मी ठाण्यात, चरईतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बारा वर्षं हेच करतेय. उत्तर तुम्हाला फारसं आवडणार नाही. भट्टी आत्ता घेऊ नका. आधी तुमची माती कुठल्या तापमानाला खरंच पक्की होते ते शोधा, आणि तोवर दुसऱ्याच्या भट्टीत पैसे देऊन भाजून घ्या.

सगळं अडतं ते तुमच्या 'वापराचे' या शब्दावर. आपल्या घरात मातीची दोन भांडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, माठ आणि लोणच्याची बरणी. माठ पाझरतो, ते पाणी बाहेरून उडून जातं, म्हणून आतलं गार राहतं. पाझरणं हाच त्याचा गुण. बरणीत मीठ, तेल, आंबट वर्षभर बसतं तरी बाहेर थेंब येत नाही, कारण ती स्टोनवेअर आहे. जास्त तापमानाला मातीतला फेल्डस्पार (एक खनिज) वितळून कणांमधल्या फटी भरतो आणि अंगच घट्ट होतं. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, हा वरचा अंगरखा. अंग कच्चं असेल तर ग्लेझ कितीही चकचकीत असो, तुमचा कप म्हणजे कपडे घातलेला माठ.

हे मला कळलं ते एका फोनमुळे. पहिल्याच दिवाळीला २४ मगांची ऑर्डर गेली होती. पंधरा दिवसांनी त्या बाईंचा फोन: "अहो, तुमच्या मगाखाली टेबलावर गोल डाग पडतोय." मला वाटलं, चहा सांडला असेल. तरी माझ्याकडे उरलेल्या तीन मगांत पाणी भरलं आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर रात्रभर ठेवले. सकाळी एक मग उचलला तर खाली बुडाच्या आकाराचं ओलं कडं, आणि त्या कड्यातून मागच्या पानावरची छपाई उलटी दिसत होती. मग उजेडात तिरका धरला तेव्हा ग्लेझवर केसासारख्या बारीक भेगांची जाळी दिसली. पाणी त्या जाळीतून अंगात शिरत होतं आणि बुडाच्या उघड्या मातीतून बाहेर येत होतं.

त्याच भट्टीतली ग्लेझ न लावलेली एक वाटी होती. कोरडी असताना वजन ३१२ ग्रॅम. पाच तास पाण्यात उकळली, रात्रभर त्याच पाण्यात ठेवली (सासूबाई दोनदा विचारून गेल्या, काय शिजतंय म्हणून), बाहेर काढून नुसती पुसली: ३२७ ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅम पाणी पोटात, जवळजवळ ४.८ टक्के. रोजच्या वापराच्या स्टोनवेअरला मी २ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. असा मग मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की चहा कोमट आणि कान मात्र हाताला चटका देणारा, कारण मातीत मुरलेलं पाणीच तापतं.

दोष कुठे होता? मातीच्या गोणीवर लिहिलं होतं '१२०० ते १२८०', म्हणजे अंश सेल्सिअस. मी १२२० ला भाजत होते, वाटलं बसतंय की यात. माती एवढ्या मोठ्या पट्ट्यात सगळीकडे सारखी पक्की होत नसते. ती माती खरी १२८० ची होती, १२२० ला अर्धवट राहत होती. आपल्याकडे जुन्या स्टुडिओंची सवय गॅस किंवा लाकडावर १२८०-१३०० ला भाजण्याची. पाँडिचेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी १९७१ पासून, आणि तिथे शिकलेले बरेच जण याच वाटेने गेले. घरच्या इलेक्ट्रिक भट्टीला मात्र कोन ६, म्हणजे साधारण १२२० ते १२४० झेपतं (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा छोटा सुळका, ठरावीक उष्णता मिळाली की वाकतो; आकडा त्या उष्णतेचा). भट्टीतल्या तापणाऱ्या तारांचं आयुष्यही त्यात वाढतं. मग मातीही कोन ६ चीच हवी. नुसतं 'स्टोनवेअर' असं सांगून माती मागवू नका. विक्रेत्याला विचारा, कोन ६ ला पाणी किती शोषते? आकडा सांगता आला नाही तर पाच किलोच घ्या आणि स्वतः उकळून बघा. मी माती बदलल्यावर तशीच वाटी ३१० वरून ३१४ वर गेली, १.३ टक्के. वर्तमानपत्र कोरडं.

आणि हो, पायरोमीटरवर, म्हणजे भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या मीटरवर, विसंबू नका. माझा एकदा १२२५ दाखवत होता आणि आत कोन शिपायासारखा ताठ उभा. थर्मोकपल (त्याचा भट्टीच्या आतला, तापमान मोजणारा भाग) जुना झाला की थापा मारतो. मातीवर काम होतं ते तापमान आणि वेळ या दोन्हीचं, आणि ते फक्त कोन वाकूनच सांगतो. दर फायरिंगला वरच्या आणि खालच्या शेल्फवर एकेक कोन ठेवाच.

आता फ्लॅट. लहान भट्टीही ५ किलोवॅटची असते, म्हणजे सुमारे २२ अँपिअर, सलग आठ-दहा तास. घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवर ती चालवायची नाही. मीटरपासून वेगळी लाइन, जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, आणि त्याआधी मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज. माझ्या भट्टीला एका ग्लेझ फायरिंगला ३५-४० युनिट लागतात, आणि घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे महिन्यात चार फायरिंग झाल्या की बिल बघवत नाही. व्होल्टेज पडलं तर आणखी मजा. १० टक्के पडलं की तारांची उष्णता १९ टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की माझी भट्टी शेवटच्या चाळीस अंशांना अडून बसते, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी शेवट पहाटेवर आणते.

भट्टी बाल्कनीत ठेवायचा विचार असेल तर सोडा. शंभर-दीडशे किलोचं धूड बाहेर काढलेल्या स्लॅबवर नको. बिस्कच्या, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीच्या, वेळी मातीतलं सेंद्रिय जळून उग्र वासही येतो, तेव्हा झोपायच्या खोलीजवळही नको. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. आमच्याकडे भट्टीवरून नाही, सांडपाण्याच्या चेंबरवरून भांडण झालं. मी वर्षभर हात बेसिनमध्ये धुतले आणि चिकणमाती पाइपात बसली. चूक माझीच. प्लंबरने काढलेला गोळा सेक्रेटरींनी दोन दिवस गेटपाशी ठेवला होता. आता तीन बादल्या आहेत. हात आणि हत्यारं पहिल्या दोनमध्ये, गाळ बसल्यावर वरचं पाणी तिसरीत, आणि तिथून झाडांना.

धुळीबद्दल मात्र हसत सांगत नाही. सुक्या मातीत आणि ग्लेझच्या पावडरीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. त्या खोलीत केरसुणी बंद, ओलं फडकंच. सुकलेला कप कोरडा घासायचा नाही. पावडर मिसळताना एन९५ मास्क, पंखा बंद. घरात लहान मूल असेल तर त्या खोलीचे कपडेसुद्धा वेगळे ठेवा.

पावसाळा तुम्ही विचारलाच नाहीत, पण घणसोली काय नि ठाणे काय, जून ते सप्टेंबर कप सुकतच नाहीत. वरून पांढरा दिसणारा कप गालाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे. पहिल्या जुलैत मी असे कप भरले. शंभर अंशांच्या पुढे आतून फटाक्यासारखे आवाज, आणि उघडल्यावर अकरा कपांचा चुरा शेजारच्या वाट्यांत. आता पावसाळ्यात बिस्कच्या आधी रात्रभर ८०-९० अंशांवर, वरचं भोक उघडं ठेवून. कान लावलेले कप तर प्लॅस्टिकखाली चार-पाच दिवस, नाहीतर कान आधी सुकून जोडावर तडा जातो.

ग्लेझचं थोडक्यात. शिसं आणि कॅडमियम नाही असं लेखी मिळालं तरच घ्या. भाजलेल्या कपात लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग फिका पडला असेल तर तो कप पेन ठेवायला. तांब्याचे हिरवे मॅट रंग यात हमखास नापास होतात. विकायला काढण्याआधी प्रत्येक ग्लेझचा एक नमुना एनएबीएल (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. ग्लेझवर भेगांची जाळी पडते का ते बघायला कपात उकळतं पाणी आणि लगेच बर्फाचं पाणी, तीन वेळा. जाळी पडली म्हणजे थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आक्रसते. बहुतेक वेळा थोडी सिलिका वाढवून सुटतं.

आकाराबद्दल एक. क्लासमध्ये सगळे मोठे कॉफी मग शिकवतात. माझ्याकडे सगळ्यात जास्त जातो तो १५० मिलीचा चहाचा कप. माती १२ टक्के आक्रसते ती लांबीत, घनफळात तिसरा हिस्सा जातो. म्हणजे १५० मिलीसाठी चाकावरून उतरताना कपात २२० मिली मावायला हवं. माझा पहिला 'चहाचा कप' भाजून निघाला तो औषध घ्यायच्या मापाचा.

पुढच्या शनिवारी माझी ग्लेझ फायरिंग आहे आणि खालच्या शेल्फवर सहा कपांची जागा आहे. तुमच्या मातीचे बिस्क केलेले कप असतील तर आणा, सोबत ग्लेझ न लावलेली एक वाटीही. बुडापासून ३ मिलिमीटरपर्यंत ग्लेझ नको, शेल्फ माझी आहे. गोणीवरचं लेबल फाडू नका, तेही घेऊन या.