टी-सेल ‘अ‍ॅक्टिव्हेट’ होते म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न: माझ्या १९ वर्षांच्या भाच्याला बी-सेल ल्युकेमिया आहे, केमोनंतर पुन्हा उलटला. आता डॉक्टर कार-टी थेरपी म्हणतायत. समजावताना सारखं सीडी३, सीडी३ करत होते, सेल त्यानेच अ‍ॅक्टिव्हेट होते म्हणाले. ते काय असतं? आणि नंतर ताप का येतो? (एक मावशी, नाशिक)

उत्तर: ताई, विचारलंत ते फार बरं केलंत, घरच्यांना हे कळलेलं असलं की ते दिवस जरा कमी घाबरत काढता येतात.

टी-सेल म्हणजे रोगाशी लढणारी पांढरी रक्तपेशी. तिच्या अंगावर टीसीआर नावाचा रिसेप्टर असतो, त्याचं काम ओळखायचं. समोरची सेल आपल्या आतल्या प्रोटीनचा बारीकसा तुकडा बाहेर धरते आणि टीसीआर तो चाचपून बघतो, पण मेख अशी की टीसीआरची सेलच्या आत गेलेली शेपटी इतकी आखूड असते की ओळख पटली तरी आत निरोप द्यायची सोयच त्याच्याकडे नाही. तो निरोप नेतात त्याला चिकटून बसलेली सीडी३ची प्रोटीन्स. टीसीआरच्या २ साखळ्या आणि या ६, असं ८ जणांचं बिऱ्हाड. सीडी३च्या लांब शेपट्यांवर एलसीके नावाचं एन्झाइम फॉस्फेट चिकटवतं, त्यावर झॅप-७० नावाचं दुसरं एन्झाइम येऊन बसतं, आणि मग आत कॅल्शियम वाढतं, जीन्स चालू होतात, सेल वाढायला लागते, एकाची दोन, दोनाची चार.

तरी एवढ्यावर भागत नाही, टी-सेलवरच्याच सीडी२८ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनकडून दुजोरा लागतो, तो नाही मिळाला तर नवखी टी-सेल गप्पच पडते. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, नाहीतर आपल्याच शरीरावर उठसूट हल्ले झाले असते.

आता भाच्याचं. त्याच्याच टी-सेल काढून लॅबमध्ये त्यात नवा रिसेप्टर घालतात, तोच ‘कार’. त्याचं बाहेरचं टोक बी-सेलवरचं (याच सेलचा त्याला कॅन्सर आहे) सीडी१९ नावाचं प्रोटीन पकडतं आणि आतली शेपटी सरळ सीडी३च्या बिऱ्हाडातल्या झीटा साखळीची घेतलेली असते, जोडीला दुजोऱ्यासाठी सीडी२८ किंवा तसंच काम करणाऱ्या ४-१बीबी या प्रोटीनचा तुकडा. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार१९ ही थेरपी याच जातीची, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली.

ताप त्यातूनच येतो, इतक्या सेल एकदम चालू झाल्या की सायटोकाइन्स, म्हणजे सेल एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ती प्रोटीन्स, रक्तात भराभर सोडतात. गरज पडली तर त्यांचा जोर रोखणारं टॉसिलिझुमॅब हे औषध देतात. पण सीडी१९ चांगल्या, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-सेलवरही असतं, त्याही मरतात, म्हणजे इन्फेक्शनचाही ताप असू शकतो, तेव्हा घरी आल्यावर थर्मामीटरने १००.४ दाखवलं तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री २ वाजले असले तरी वॉर्डला फोन करा.