कूलर लावा, पण सक्शनचा पाइप खोलीबाहेर

प्रश्न : काकाजी, आमच्या कारखान्याच्या फायर सेक्शनमध्ये बीए सेटचे (धुरात शिरताना पाठीवर घ्यायच्या श्वसन-संचाचे) सिलिंडर हवेने भरायला ३०० बारचा (नेहमीच्या हवेच्या सुमारे तीनशे पट दाबाचा) कॉम्प्रेसर आहे, मिनिटाला १०० लिटरचा. शेड पत्र्याची. मे महिन्यात दुपारी आतच ४६ डिग्री होतं आणि मशीन तापून आपोआप बंद पडतं. पोरांनी समोर डेझर्ट कूलर आणून लावला, तेव्हापासून मशीन थांबलेलं नाही. पण साहेब म्हणतात, कूलरची ओली हवा सिलिंडरमध्ये जाईल, काढा तो. कोणाचं ऐकायचं? (फायर सुपरवायझर, बुटीबोरी)

उत्तर : पोरांचं ऐका. साहेबांचं अर्धं ऐका.

साहेबांची शंका अगदीच खुळी नाही, कारण हवेतलं पाणी हाच या मशीनचा मोठा शत्रू आहे. पण ते पाणी कुठे अडतं ते पाहा. मे महिन्यात आपल्याकडे ४४ डिग्रीला आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते. हजार लिटर हवेत पाणी असतं नऊ-दहा ग्रॅम. तुमचं मशीन तासाला सहा हजार लिटर ओढतं, म्हणजे ५५-६० ग्रॅम पाणी आत जातं. ही सगळी हवा ३०० बारला दाबली की वीस-बावीस लिटरच्या जागेत मावते. एवढ्याशा जागेत एवढं पाणी वाफ होऊन राहूच शकत नाही. ते दाब वाढवायच्या प्रत्येक स्टेजनंतर मशीनच्याच कूलिंगच्या नळ्यांमध्ये थेंब धरतं, सेपरेटरमध्ये (पाणी-तेल वेगळं करणाऱ्या भांड्यात) साचतं आणि ड्रेन उघडला की तेलासकट पांढरं, ताकासारखं फसफसत बाहेर पडतं. नागपूरची हवा भर उन्हाळ्यात कितीही कोरडी असो, शेवटच्या सेपरेटरमधून निघणारी हवा भिजलेलीच असते.

त्या भिजलेल्या हवेबरोबर फिल्टर कार्ट्रिजमध्ये (उरलेली ओल शोषणाऱ्या नळकांड्यात) किती पाणी जातं, ते सेपरेटरजवळच्या तापमानावर ठरतं. बाहेरच्या आर्द्रतेचा तिथे संबंध नाही. कागदावरचा हिशेब सांगतो : सेपरेटर ३० डिग्रीला असेल तर तासाला जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम, ४० ला एक ग्रॅम, ५५ ला दोन ग्रॅमच्या वर. हवा खोलीच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा डिग्री जास्त तापूनच सेपरेटरला पोचते. म्हणजे तुमच्या ४६ डिग्रीच्या शेडमध्ये सेपरेटर साठीला टेकलेला असणार. डिसेंबरात जे कार्ट्रिज साठ तास चालतं, ते नवतप्यात वीस तासही धड चालणार नाही. पुस्तकात छापलेले तास बहुधा २० डिग्रीचे असतात. ज्यांच्या गावात २० डिग्री म्हणजे उन्हाळा, त्यांनी लिहिलेलं ते पुस्तक.

डेझर्ट कूलर शेड दहा-बारा डिग्रीने उतरवतो, म्हणजे कार्ट्रिजचं आयुष्य वाढवतो. मशीनलाही त्याची गरज आहे, बहुतेक कंपन्या ४५ डिग्रीच्या वर चालवूच नका म्हणतात. फक्त सक्शनचा पाइप, म्हणजे मशीन ज्यातून हवा ओढतं तो, कूलरच्या झोतात नको. तो भिंतीतून बाहेर काढा, सावलीच्या बाजूला, जमिनीपासून उंच. आत ठेवलात तर सेपरेटरमध्ये दुप्पट पाणी साचेल, ड्रेन करता करता हात दुखतील, शिवाय कूलरच्या शिळ्या पाण्याचा वास थेट सिलिंडरमध्ये. झोत मशीनच्या कूलिंग फॅनच्या बाजूने द्या, मोटरवर आणि पॅनलवर तुषार उडता कामा नयेत. समोरचं दार उघडं ठेवा, नाहीतर शेडची आंघोळीची खोली होईल. मृग लागला की कूलर उचला. ओल्या हवेत त्याचा काही उपयोग नाही.

मी हे एवढं ताणून सांगतो, कारण मी यात पोळलेला माणूस आहे. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. नोकरीच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात कॉम्प्रेसर माझ्या ताब्यात आला. पुस्तकात लिहिलेले तास मी भिंतीवर खडूने मांडून ठेवले आणि निम्मेसुद्धा झाले नाहीत म्हणून निर्धास्त होतो. एका ड्रिलला एक पोरगा मास्क काढून म्हणाला, "काकाजी, आतून ओल्या पोत्याचा वास येऊन राह्यला." मी त्यालाच झापलं, मास्क धूत नाहीस म्हणून. पुढच्या महिन्यात सिलिंडर टेस्टिंगला गेले. तिथल्या मेकॅनिकने व्हॉल्व्ह काढून एक सिलिंडर माझ्यासमोर उलटा केला, तर कटिंग चहासारखं पाणी सांडलं. गंज. स्टीलच्या सिलिंडरला आतून गंज धरला की धातू तर जातोच, तो गंज आतल्या हवेतला ऑक्सिजनही खातो. त्या पोराची मी नंतर माफी मागितली, पण आधी त्याला झापलं होतं ते चार लोकांदेखत.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करत आलो. नवं कार्ट्रिज पाकिटातून काढलं की लगेच किराणा दुकानासारख्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलायचं आणि वजन मार्करने त्याच्यावरच लिहायचं. आतले मॉलिक्युलर सिव्हचे दाणे दिसतात साबुदाण्यासारखे आणि पाणीही तसंच पितात, साधारण आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं. काढल्यावर पुन्हा तोललं की खरा हिशेब कळतो. माझ्या वहीत कार्ट्रिज चालल्याचे मे महिन्यातले तास जानेवारीच्या तिसऱ्या हिश्शावर असत. दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीवर थर्मामीटर, तोही सावलीत. २०२४ च्या मेअखेर आपल्याच गावात एका स्वयंचलित केंद्राने ५६ डिग्री दाखवले होते, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरचा खरा विक्रम ४७.९ चा, २३ मे २०१३ चा. तोही काही कमी नाही.

आणि कूलिंगच्या पात्या बघा. एप्रिलमध्ये काटेसावरीचा कापूस उडतो, तो फॅन ओढून घेतो आणि पात्यांवर गोधडी अंथरल्यासारखा बसतो. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडा आणि फॅनच्या उलट बाजूने हवा मारा. निम्म्या मशीनांचं 'तापतंय' एवढ्यानेच थांबतं.

प्रश्न : भरलेल्या हवेला डिझेलचा वास येतो, दोघांचं डोकं दुखलं. कार्ट्रिज नवं आहे. (सेफ्टी विभाग, कळमेश्वर)

उत्तर : भरणं आजच थांबवा. भरलेले सिलिंडर रिकामे करा, मगच पुढचं वाचा.

सक्शनच्या तोंडाशी कोणती गाडी उभी राहते? जनरेटरचा धूर कोणत्या दिशेला जातो? बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं. वाऱ्याची दिशा बदलली की काल ठीक असलेली जागा आज धुराची होते, म्हणून तोंड दोन-तीन मीटर उंच न्या आणि गाड्यांचा रस्ता सोडून वळवा. डिझेलचा वास येतो हे एका अर्थी बरं झालं. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्याच्या सोबतच्यांचा येतो.

नवं कार्ट्रिज असून असं का? मोनॉक्साइड पकडायचं काम हॉपकॅलाइट करतं, पण ते कोरडं असेल तरच. दाण्यांनी पाणी पिऊन संपवलं आणि ओल हॉपकॅलाइटपर्यंत गेली की ते झोपतं. आणि सगळ्या कार्ट्रिजांत हॉपकॅलाइट नसतंच, लेबल वाचा. पाकीट फोडून चार दिवस कपाटात ठेवलेलं कार्ट्रिज तर नवं नव्हेच.

दुरुस्ती झाली की डिटेक्टर ट्यूबने हवा तपासून घ्या. युरोपच्या ईएन १२०२१ मानकात मोनॉक्साइडची मर्यादा ५ पीपीएम (दहा लाख भागांत पाच) आहे, कार्बन डायऑक्साइडची ५००, तेल घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम. २०० आणि ३०० बारचे सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी घनमीटरला २५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. तपासणीचा कागद फाइलमध्ये न लावता मशीनवर चिकटवा, म्हणजे भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहील.

प्रश्न : कॉम्प्रेसरमध्ये घालायचं कंपनीचं तेल फार महाग पडतं. ट्रकचं चांगलं इंजिन ऑइल चालेल का? (वाडी)

उत्तर : नाही. इंजिन ऑइलमधली रसायनं या उष्णतेत जळून व्हॉल्व्हवर काळा कोळसा होऊन बसतात, आणि जळलेल्या तेलाचा धूर माणसाच्या फुप्फुसात जातो. श्वसनाच्या हवेसाठी कंपनीने मान्य केलेलंच तेल घाला, आणि मिनरलमध्ये सिंथेटिक मिसळू नका, गाळ धरतो. तेल बदललं तर तारीख आणि तास दोन्ही लिहा. कमी चाललं म्हणून वर्षानुवर्षं तेच ठेवलेलं तेल मी पाहिलंय, आंब्याच्या लोणच्याच्या तळाशी असतं तसं.

प्रश्न : मशीन दुसऱ्या खोलीत हलवलं. आवाज नेहमीचा, पण अर्ध्या तासात तापतं. (कामठी)

उत्तर : फॅनजवळ फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, त्याच्याशी ताडून पाहा. वायरमनने दोन फेज उलटे जोडले असणार. असं मशीन तेवढ्याच उत्साहाने उलटं फिरतं, पण फॅन हवा भलतीकडे फेकतो. चालवू नका, वायरमनला बोलवा.

प्रश्न : रोज काम संपल्यावर फिल्टरच्या टाकीचं प्रेशर सोडून ठेवावं ना? आमचे जुने मिस्त्री तसं सांगून गेलेत. (मौदा)

उत्तर : सेपरेटरचं पाणी काढा, फिल्टरमध्ये मात्र प्रेशर राहू द्या. शेवटी प्रेशर मेंटेनिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो तो त्यासाठीच. रोज शून्यावर आणून पुन्हा चढवलं की सकाळी सुरुवातीला भिजलेली हवा कमी दाबाने कार्ट्रिजमधून धावते आणि दाणे लवकर संपतात. शिवाय ती टाकी प्रत्येक चढउताराला थकते, तिचे फेरेही मोजलेले असतात. मिस्त्रींचा मान राखा, पण ही एक गोष्ट सोडा. कार्ट्रिज बदलायच्या वेळी मात्र प्रेशर पूर्ण शून्य झाल्याची खात्री केल्याशिवाय झाकणाला हात नाही. झाकण हाताने सहज फिरत नसेल तर आत प्रेशर आहे असंच समजा. पाना लावून जोर करू नका.

प्रश्न : सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घ्यायच्या चाचणीची) तारीख दोन महिन्यांपूर्वी उलटली. सिलिंडर दिसायला नवाकोरा आहे. एकदा भरला तर? (सक्करदरा)

उत्तर : भरायचा नाही. गॅस सिलिंडर रूल्स २०१६ प्रमाणे मुदत उलटलेला सिलिंडर भरता येत नाही, आणि ते नियम राबवणाऱ्या पेसोचं (केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय आपल्याच गावात, सेमिनरी हिल्सला आहे. टेस्टिंग स्टेशनही त्यांनी मान्य केलेलंच निवडा. बाहेरून नवाकोरा दिसतो म्हणता, पण वर सांगितलेला चहाही नव्याकोऱ्या रंगाच्या सिलिंडरमधूनच सांडला होता.